वाळवंटातली पाळत

शत्रूच्या मुलखात टेहळणीसाठी जाणारी तुकडी मुद्दामच लहान ठेवतात. माणसे थोडी असली की माग कमी उमटतो, पाणी आणि इंधन कमी लागते, लपायला जागा सापडते. अशा तुकडीची लढण्याची ताकदही अर्थातच तोकडी असते. त्यामुळे पाहायचे, कळवायचे आणि नजरेस न पडता परतायचे, एवढेच तिचे काम. कधी तुकडी फिरत राहून वाटा, पाणवठे आणि शत्रूची ठाणी धुंडाळते, तर कधी एकाच जागी दबा धरून दिवसेंदिवस पाळत ठेवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ने उत्तर आफ्रिकेत ही दोन्ही कामे केली. त्यातही लिबियातल्या एका रस्त्यावर त्याने ठेवलेली पाळत या विद्येचा उत्तम नमुना मानावी लागेल.

ही पलटण 1940च्या उन्हाळ्यात राल्फ बॅगनॉल्ड या अधिकाऱ्याने कैरोत उभारली. युद्धापूर्वी हौसेखातर मोटारीने लिबियाचे वाळवंट पालथे घातलेला हा माणूस होता. सुरुवातीचे बहुतेक जवान न्यूझीलंडचे होते. आधी एका तुकडीत तीसेक माणसे असत. पुढे हा आकार जवळपास निम्मा करून पाच-सहा ट्रकांवर आणला. 1942मध्ये भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतून निवडलेले जवानही ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ या नावाने या कामात दाखल झाले.

वाळवंटात पाहण्याआधी पोहोचणे अवघड. ट्रकच्या लोखंडामुळे साधे होकायंत्र चुकते. म्हणून बॅगनॉल्डने सूर्य-होकायंत्र वापरात आणले. अंशांच्या खुणा असलेल्या तबकडीच्या मधोमध उभी सुई असे आणि तिची सावली ठरलेल्या खुणेवर राहील अशा बेताने ट्रक हाकला जाई. रात्री मुक्कामी थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या यंत्राने तारे बघून आपली नेमकी जागा काढत. रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालत. पाणी माणशी दिवसाला सुमारे साडेतीन लिटर मिळे. रेडिएटरमधून निसटणारी वाफसुद्धा वाया न घालवता नळीने पाण्याच्या डब्यात सोडून परत पाण्यात बदलत.

त्रिपोलीहून बेनगाझीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याची रसदवाट. त्या वाटेवर इटालियनांनी बांधलेल्या संगमरवरी कमानीच्या पूर्वेला काही किलोमीटरवर 2 मार्च ते 21 जुलै 1942 अशी सलग पाळत ठेवली गेली. एक तुकडी पहाऱ्यावर, दुसरी तिला मोकळे करायला वाटेवर आणि तिसरी परतीच्या प्रवासात, असा फेरा चाले. ट्रक रस्त्यापासून काही किलोमीटर मागे, कोरड्या ओढ्यात जाळ्या आणि झुडपांखाली लपवलेले असत.

पहाट होण्याआधी दोघे जण चालत निघत आणि रस्त्यापासून तीन-चारशे मीटरवर, खुरट्या झुडपाच्या आडोशाने आडवे होत. मग अंधार पडेपर्यंत उठणे नाही, विस्तव नाही. सोबत दुर्बीण, वही आणि शत्रूच्या वाहनांची चित्रे. ट्रक किती, रणगाडे कोणत्या जातीचे, तोफा केवढ्या, माणसे किती, कोणत्या दिशेने, किती वाजता, हे सगळे टिपायचे. रात्री दुर्बीण निरुपयोगी ठरे. तेव्हा ते रस्त्याच्या अगदी जवळ सरकत आणि आवाजावरून व आकारावरून वाहन ओळखत. कधी शत्रूचा ताफाच विश्रांतीला शेजारी थांबे. अशा वेळी जवळच्या बंदुकीला हात न लावता पडून राहणे, यातच खरा कस लागे. एका गोळीने दोन-चार ट्रक अडले असते, पण महिनोन् महिने जपलेली जागा कायमची गेली असती.

ही माहिती लपवलेल्या बिनतारी यंत्रावरून सांकेतिक भाषेत मुख्यालयाला जाई. रोजची मोजदाद एरवी ठरल्या वेळी कळवत, रणगाड्यांचा मोठा ताफा दिसला तर मात्र ताबडतोब. शत्रूचे कान चुकवण्यासाठी संदेश नागरी तारायंत्र सेवेच्या पद्धतीने पाठवत. डोळ्यांनी केलेली ही गणती गुप्तचरांना उकललेल्या जर्मन संदेशांशी ताडून पाहता येई आणि रोमेलला नवे बळ किती मिळाले याचा अंदाज पक्का होई.

फिरत्या टेहळणीचे मोठे यश याच पलटणीला ट्युनिशियात मिळाले. तिथे शत्रूची मारेथची तटबंदी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर यांच्या आधाराने उभी होती. डोंगरापलीकडून मोठे सैन्य येऊ शकणार नाही, असा भरवसा होता. जानेवारी 1943मध्ये निक वाइल्डर या न्यूझीलंडच्या कॅप्टनच्या तुकडीला डोंगरातून वाहने नेता येतील अशी खिंड सापडली. पुढच्या तुकड्यांनी तिच्यापलीकडची जमीन तपासली. कुठे वाळू मऊ, कुठे ओढ्याचा काठ उभा, कुठे रणगाडा जाईल आणि कुठे फक्त ट्रक, याची नोंद झाली. मार्चमध्ये जनरल फ्रायबर्ग यांचे न्यूझीलंड कोअर त्याच वाटेने वळसा घालून तटबंदीच्या बगलेवर उतरले आणि महिनाअखेरीस जर्मन व इटालियन सैन्याला मारेथ सोडून उत्तरेकडे हटावे लागले.