मूलपेशींचे आयुष्य आणि टेलोमिअरचा तोल

मानवी गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची ‘टीटीएजीजीजी’ ही सहा अक्षरे पुन्हापुन्हा आलेली असतात. या संरक्षक टोकाला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना डीएनएची प्रत अगदी शेवटपर्यंत उतरत नाही. त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक टेलोमिअर थोडे आखूड होते. ते फारच आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते.

मग आयुष्यभर नवे रक्त घडवणाऱ्या अस्थिमज्जेतील मूलपेशी, अर्थात स्टेम सेल, टिकतात कशा? याचे उत्तर टेलोमरेज या विकरात आहे. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना १९८४ मध्ये ते गोड्या पाण्यातील एका एकपेशीय जीवात सापडले. २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॅक शोस्टाक यांच्यासह मिळाले. हे विकर स्वतःजवळच्या आरएनएचा साचा वापरून झिजलेल्या टोकाला नवी अक्षरे जोडते. भ्रूणातील मूलपेशींत ते जोमाने काम करते. प्रौढ मूलपेशींत मात्र बेताने. म्हणून तेथे झीज मंदावते, पण थांबत नाही.

हा तोल नाजूक आहे. जनुकदोषामुळे टेलोमरेज अपुरे पडल्यास तरुण वयातही अस्थिमज्जा निकामी होऊ शकते. उलट, सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हेच विकर सक्रिय आढळते आणि रोगपेशींना अमर्याद वाढू देते. म्हणूनच टेलोमिअर लांबवून तारुण्य मिळवून देणाऱ्या जाहिरातींकडे सावधपणे पाहावे. आरोग्य लांबीत नाही, तोलात आहे.