जप्तीचा खर्च आणि वॉरंटवरील आकडे

गावात बेलिफ आल्याची बातमी वस्तीवर पोहोचण्यास वेळ लागत नाही. घरातील स्त्रिया भांडीकुंडी आवरू लागतात, पुरुषमंडळी पोलीस पाटलांकडे किंवा सरपंचांकडे धाव घेतात, आणि शेजारचा एखादा जाणता गृहस्थ सल्ला देतो की, काही तरी देऊन टाका, म्हणजे आजचा दिवस टळेल. दिलेली ही रक्कम कोणाच्या खाती जमा झाली, ती मुळात देणे होती काय, आणि असल्यास किती, हे विचारण्याचे भान त्या क्षणी कोणालाच राहत नाही. वास्तविक या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बेलिफाच्या हातातील कागदावरच लिहिलेली असतात.

बेलिफ हा दिवाणी न्यायालयाचा वेतनधारक सेवक असून तो नाझराच्या देखरेखीखाली काम करतो. न्यायालयाने काढलेल्या समन्स, नोटीस व वॉरंट यांची बजावणी करणे हे त्याचे कर्तव्य होय. या बजावणीसाठी शासनाला द्यावयाची फी असते. परंतु ती प्रथम कोणी भरावयाची, याविषयी दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 48, नियम 1 स्पष्ट आहे. न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर ज्या पक्षकाराच्या वतीने आदेशिका निघते, त्यानेच तिचा खर्च न्यायालयात भरावयाचा असतो. म्हणजेच ज्याने जप्तीची दरखास्त दिली, त्या हुकूमनामाधारकाने. हा खर्च पुढे ऋणकोकडून वसूल होऊ शकतो, हे खरे. परंतु तो न्यायालयाच्या हिशेबातून वसूल होतो. गाडीभाडे, चहापाणी किंवा "साहेबांचे काही तरी" अशा नावाखाली ऋणकोच्या दारात मागितली जाणारी रोख रक्कम या हिशेबात कोठेही बसत नाही.

आदेशिकांच्या फीचे दर गुप्त नाहीत. हे दर दाखविणारा तक्ता इंग्रजीत व स्थानिक भाषेत प्रत्येक न्यायालयात ठळक जागी लावला जावा, अशी तरतूद 1870 च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम 21 मध्येच करण्यात आली होती. न्यायालयाच्या आवारात कामानिमित्त जाणाऱ्या किती जणांनी असा तक्ता थांबून वाचला असेल, हा प्रश्न वेगळा.

जंगम मालमत्तेच्या जप्तीच्या वॉरंटाचा नमुना संहितेच्या परिशिष्टात दिलेला आहे. त्यात हुकूमनाम्याची मुद्दल, व्याज, दाव्याचा खर्च, बजावणीचा खर्च व पुढील व्याज अशा रकमा निरनिराळ्या दाखवून एकूण बेरीज मांडलेली असते. ही रक्कम आणि या जप्तीचा म्हणून नमूद केलेला खर्च ऋणकोने बेलिफाकडे भरला नाही, तर माल जप्त करावा, असा आदेश त्यात असतो. याचा अर्थ असा की, बेलिफ पैसे स्वीकारू शकतो. तथापि वॉरंटावर जो आकडा आहे, तेवढेच. त्याहून एक रुपया अधिक मागितला गेल्यास तो कोणत्या सदराखाली, असे विचारण्याचा ऋणकोला पूर्ण अधिकार आहे. पैसे दिल्यास पावती घ्यावी आणि वॉरंटाच्या पाठीवर तशी नोंद झाली की नाही, हे पाहावे. वॉरंटावर न्यायालयाचा शिक्का, सही, तारीख आणि ते कोणत्या दिवसापर्यंत बजावावयाचे तो दिवस असतो. ते केव्हा व कसे बजावले, याचा शेरा लिहून बेलिफाला ते न्यायालयाकडे परत करावे लागते (आदेश 21, नियम 24 व 25).

आकडे वाचताना सर्वाधिक चूक होते ती व्याजात. समजा, एका हुकूमनाम्यात मुद्दल 40,000 रुपये, दाव्यापर्यंतचे व्याज 6,000 रुपये आणि दाव्याचा खर्च 3,200 रुपये आहे; हुकूमनाम्याच्या तारखेपासून मुद्दलावर दरसाल दर शेकडा 6 प्रमाणे व्याज देवविले आहे आणि मध्ये 2 वर्षे गेली आहेत. पुढील व्याज 4,800 रुपये होईल. परंतु दरखास्तीत 49,200 रुपयांच्या संपूर्ण बेरजेवर व्याज धरले गेले, तर ते 5,904 रुपये भरते. 1,104 रुपयांचा हा फरक चौथी-पाचवीचा विद्यार्थीही काढू शकेल. मात्र तो काढण्यासाठी हुकूमनाम्याची नक्कल आणि वॉरंट हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. संहितेच्या कलम 34 अन्वये पुढील व्याज मुद्दलावरच देवविता येते आणि व्यापारी व्यवहार वगळता त्याचा दर 6 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. हुकूमनामा पुढील व्याजाविषयी मौन बाळगून असेल, तर न्यायालयाने ते नाकारले, असे समजले जाते.

दुसरी चूक याहून महाग पडते. गावातील पुष्कळ ऋणको हप्त्याहप्त्याने सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती पैसे देतात आणि ते न्यायालयाला कळवीत नाहीत. आदेश 21, नियम 2 प्रमाणे न्यायालयाबाहेर दिलेल्या रकमेची नोंद न्यायालयात झालेली नसल्यास, बजावणी करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही. हुकूमनामाधारकाने ती कळविली नाही, तर ऋणकोलाही अर्ज करता येतो. त्यासाठी मुदत पैसे दिल्यापासून 30 दिवसांची आहे. म्हणून पैसे न्यायालयात भरणे, किंवा बँकेमार्फत वा मनिऑर्डरने पाठविणे हे हिताचे. न्यायालयात भरलेल्या रकमेची नोटीस हुकूमनामाधारकाला मिळाली की, त्या दिवसापासून तेवढ्या रकमेवरील व्याज थांबते.

आकारणी चुकीची वाटल्यास वेगळा दावा लावण्याची गरज नाही, किंबहुना तसा दावा चालत नाही. कलम 47 अन्वये हुकूमनाम्याच्या बजावणीविषयीचे व फेडीविषयीचे प्रश्न त्याच न्यायालयाने सोडवावयाचे असतात. अर्जात दरखास्तीचा क्रमांक, वॉरंटावरील आकडा, आपल्या हिशेबाने येणारा आकडा आणि फरकाचे कारण एवढे मांडले की पुरे. निव्वळ बेरीज-वजाबाकीची चूक असेल तर कलम 152 प्रमाणे ती दुरुस्त होऊ शकते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणारे यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. 15100 हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि मागणी हिशेबातील चुकीची नसून उघड लाचेची असेल, तर ती बाब लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची. त्याचा क्रमांक 1064. येथे एक सावधगिरी हवी. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असल्यास 7 दिवसांत कळविणाऱ्याला संरक्षण मिळते.

दारात उभा असलेला इसम खरोखर न्यायालयाचा बेलिफ आहे काय, हेही पाहिलेले बरे. सहकारी संस्थेचा वसुली अधिकारी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 156 व 1961 च्या नियमांतील नियम 107 खाली काम करतो. त्याच्या खर्चाचा हिशेब वेगळा आणि तक्रारीची जागाही वेगळी. बँकेने नेमलेल्या खाजगी वसुली प्रतिनिधीला तर न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय घरातील वस्तू उचलण्याचा अधिकार नाही.

जप्तीच्या वेळी पंच म्हणून बोलावल्या जाणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांना व शिक्षकांना कलम 60 व 62 माहीत असावीत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. "हा हक्क मी सोडला" असे कोणाकडून लिहून घेतले असले तरी ते निरर्थक ठरते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. जप्त केलेली गुरे अथवा सहज हलविता न येणाऱ्या वस्तू गावातच एखाद्या विश्वासू इसमाच्या ताब्यात ठेवण्याची विनंती ऋणकोला करता येते. वाहतुकीचा व कोंडवाड्याचा खर्च त्यामुळे वाचतो, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी ही विनंती त्यात लिहून घेण्यास दोन मिनिटे लागतात.