दाताला अ‍ॅसिड लावतात ते कशासाठी?



या अंकात आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट आच्छादन असे विषय घेऊन येतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. गटसभा आटोपली की शेतीबरोबर बाकीच्याही गोष्टी निघतात. त्यात हल्ली एक बोलणे वारंवार कानावर येते. "दाताच्या डॉक्टरनं दाढेला अ‍ॅसिड लावायचं काढलं. दात जळायचा नाही का? त्यापेक्षा काढूनच टाका म्हटलं." असे म्हणून, भरता येण्यासारखी दाढ उपटून आलेले सभासद मी पाहिले आहेत. उसाला खोडवा येतो, दाताला येत नाही. पक्का दात गेला तो कायमचा गेला. तेव्हा हे अ‍ॅसिड म्हणजे काय आणि ते काय काम करते, हे नीट समजून घेऊ या.

दात किडतो कसा?

दाताच्या वरच्या पांढऱ्या, टणक थराला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते मुख्यतः कॅल्शियम व स्फुरद यांचे बनलेले असते. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी चिवट तंतू आणि पाणी. त्याच्याही आत दाताची नस.

शिळ्या उसाचा रस चिकट होतो हे आपल्याला ठाऊक आहे. तोडून पडलेल्या उसात जंतू शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. तोंडातही तसेच घडते. तिथले जंतू साखरेपासून चिकट थर बनवून दाताला धरून बसतात आणि त्याच साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने इनॅमलमधील खनिज हळूहळू विरघळते आणि खड्डा पडतो. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिणे कोणाला विचित्र वाटेल, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

पूर्वीचे भरण

जुन्या पद्धतीत चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून भरत. लोक त्याला "चांदी भरली" म्हणतात. हे भरण मजबूत असते, वर्षानुवर्षे टिकते, यात वाद नाही. पण ते आपणहून दाताला चिकटत नाही. ते निघू नये म्हणून खड्डा धान्याच्या पेवासारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, कोरावा लागे. म्हणजे किडीबरोबर चांगला दातही कापला जाई. शिवाय पाऱ्याचा वापर कमी करावा म्हणून २०१३ साली मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून पाऱ्याचे हे भरण, काही वैद्यकीय अपवाद सोडून, बंद केले.

भरण दाताला चिकटवता आले तर चांगला भाग कापायची गरजच उरणार नाही. पण गुळगुळीत आणि ओल्या दातावर चिकटवायचे कसे?

रंगाऱ्याच्या कामातून सुचलेली युक्ती

याचे उत्तर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रोचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याने १९५५ साली दिले. कारखान्यात धातूवर रंग पक्का बसावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. तीच युक्ती त्यांनी दातावर करून पाहिली. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल ३० सेकंद लावले, धुतले, वाळवले आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचा थेंब बसवला. साध्या दातावरचा थेंब लवकर सुटला, आम्ल लावलेल्या दातावरचा कितीतरी पटीने जास्त टिकला.

पुढे राफेल बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अ‍ॅक्रिलिकपेक्षा कमी आकसणारे रेझिन तयार केले. त्याचे पेटंट १९६२ साली मिळाले. त्यात खनिजाची बारीक पूड मिसळून दाताच्या रंगाचे भरण तयार होऊ लागले. आज दवाखान्यात वापरतात ते भरण याच वाटेने आले आहे.

फॉस्फोरिक आम्ल आपल्याला परके नाही. डीएपी खत अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल यांपासून बनते. साखर कारखान्यात रसात स्फुरद कमी पडला, तर रस नीट निवळावा म्हणून हेच आम्ल बेताने घालतात.

आम्ल नेमके काय करते?

जुन्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही. म्हणून गवंडी आधी छिन्नीने टोचे मारून भिंत खरबरीत करतो. आम्लाचे काम तेच. इनॅमल अतिशय बारीक दांड्यांचे बनलेले असते. आम्लाने त्यांतील काही भाग कमी, काही जास्त विरघळतो आणि असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. छिद्रांची खोली मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या छिद्रांत पातळ रेझिन शिरते, तिथेच घट्ट होते आणि मुळ्यांसारखी पकड धरते.

आता राहिला प्रश्न दात जळण्याचा. जंतूंचे आम्ल महिनोन्‌महिने, दिवसातून अनेकदा काम करते. डॉक्टरांचे आम्ल साधारण ३७ टक्क्यांचे, बहुधा निळ्या रंगाचे, मलमासारखे असते. ते १५ ते ३० सेकंद ठेवून पाण्याने पूर्ण धुतात. इनॅमलचा अगदी पातळ पापुद्रा तेवढा जातो. त्याच्या बदल्यात, पेव कोरताना जो चांगला दात गेला असता तो वाचतो. हिशेब फायद्याचाच आहे.

धुऊन वाळवल्यावर इनॅमल खडूसारखे पांढरे दिसते. आम्ल लागू पडल्याची ती खूण. मग पातळ रेझिन लावून निळ्या प्रकाशाच्या दिव्याने पक्के करतात. त्यावर भरण साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी देतात आणि प्रत्येक थरावर पुन्हा दिवा धरतात. एकदम जाड थर दिला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि भरण आत कच्चे राहते. म्हणून या कामाला वेळ लागतो. डॉक्टर उगाच वेळ काढत नाहीत.

आतल्या थराला हवा वाफसा

खड्डा डेंटिनपर्यंत गेला की काम अवघड होते. डेंटिनमधले खनिज आम्लाने निघाले की चिवट तंतू उघडे पडतात. रेझिन या तंतूंमध्ये शिरले पाहिजे. जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवून दिले, की तंतू आणि रेझिन यांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो आणि पकड त्यातूनच मिळते.

इथे आपल्या शेतातली उपमा तंतोतंत लागू पडते. चिखलात नांगर घालून चालत नाही आणि जमीन कडक वाळल्यावर फाळ शिरत नाही, मशागतीला वाफसा लागतो. निळे आम्ल लावून धुतलेल्या डेंटिनचेही तसेच. फार वाळवले तर तंतू पाणी तुटलेल्या रोपासारखे आडवे पडतात आणि रेझिनला वाट उरत नाही. पाणी साचले तर रेझिन पातळ होते. इनॅमल कोरडे आणि डेंटिन किंचित ओलसर, असा मेळ डॉक्टरांना साधावा लागतो.

काही नव्या रेझिनमध्ये आम्ल आधीच मिसळलेले असते. ते लावून धुवायचे नसते. तेव्हा "शेजाऱ्याला निळं औषध लावलं, मला लावलं नाही" म्हणून डॉक्टरांवर संशय घेऊ नये.

या कामाचे शत्रू आणि मर्यादा

पहिला शत्रू लाळ. आम्ल लावलेल्या भागाला मध्येच लाळ लागली की छिद्रे बुजतात आणि पुन्हा आम्ल लावावे लागते. म्हणून डॉक्टर कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात किंवा दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. अवघडल्यासारखे होते, पण भरणाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

दुसरे, रेझिन घट्ट होताना थोडे आकसते. कडेला फट राहिली तर तिथून पुन्हा कीड शिरते. डेंटिनवरची पकडही काळाने सैल होत जाते. म्हणून भरण म्हणजे जन्माची हमी नव्हे, त्याची तपासणी लागते. जिथे दात कोरडा ठेवणे शक्य नसते तिथे ग्लास आयोनोमर हे आपणहून चिकटणारे सिमेंट डॉक्टर वापरतात. कीड नसेपर्यंत गेली असेल, तर आधी नसेचा इलाज करावा लागतो.

सभासदांनी लक्षात ठेवावे

१. काळा ठिपका दिसला, अन्न अडकू लागले किंवा गारगोड लागताच कळ आली, की लगेच दाखवावे. "हंगाम संपल्यावर बघू" म्हणू नये. लहान खड्डा चिकटवून भरता येतो, मोठा झाला की काम आणि खर्च दोन्ही वाढतात.

२. ऊस दाताने सोलताना पुढच्या दाताचा तुकडा पडला, तर तो टाकू नका. दुधात किंवा स्वच्छ पाण्यात ठेवून त्याच दिवशी दंतवैद्याकडे न्या. तुकडा चांगला असेल तर याच पद्धतीने पुष्कळदा तो जागेवर बसवता येतो.

३. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ पक्की असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या खाचांना आम्ल लावून रेझिनचा पातळ लेप देतात, म्हणजे खाचांत कीड धरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

४. भरण चालू असताना मध्येच तोंड मिटू नये, बोलू नये, चूळ मागू नये. सवड काढूनच जावे.

५. तंबाखू आणि मिश्री सोडावी. भरणाच्या कडा काळ्या पडतात हा त्यातला सर्वांत लहान तोटा आहे.

६. घरी कसलेही अ‍ॅसिड किंवा लिंबू दातांवर घासू नये. दवाखान्यात आम्ल सेकंद मोजून लावतात, धुतात आणि लगेच वर रेझिन देतात. घरी यातले काहीच होत नाही.

७. गोड दिवसभर थोडे थोडे खाण्यापेक्षा जेवणाबरोबर खावे, नंतर चूळ भरावी आणि रात्री झोपताना दात घासावेत.

शेवटी एक विनंती. आपल्या फडावर येणाऱ्या तोडणी कामगारांची मुले दिवसभर ऊस चघळत असतात आणि त्यांचे दात पाहायला सहसा कोणी नसते. आपल्या मुलाला दवाखान्यात नेताना, कोपीवरचे एखादे पोर गाल धरून बसलेले दिसले, तर त्याच्या आईबापाला विचारून त्यालाही गाडीत घ्यावे.

– ऊस विकास अधिकारी