पावागढच्या वाटेवरील सयाजीबाग

सोलापूर परिसरातून गुजरातमधील तीर्थक्षेत्रांच्या वंदनेस निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत बडोदे लागते. लव आणि कुश यांचे निर्वाणस्थान म्हणून दिगंबर परंपरेत वंदनीय असलेले पावागढ सिद्धक्षेत्र येथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पुष्कळदा संघाचा रात्रीचा मुक्काम बडोद्यात होतो आणि पहाटे स्नान-दर्शन आटोपून मंडळी गडाकडे निघतात. शहर पाहण्यास सवड राहत नाही. परंतु परतीच्या वाटेवर अर्धा दिवस हाताशी ठेवला, तर विश्वामित्रीच्या काठी एक बाग अशी आहे की जिच्यात बालगोपाळांचे मन रमते आणि श्रावकाला आपल्याच इतिहासाचे एक दुर्मीळ पान वाचावयास मिळते. ही बाग म्हणजे सयाजीबाग. बडोदेकरांच्या तोंडी तिचे नाव आजही ‘कमाटीबाग’ असेच आहे.

बागेची उभारणी १८७९ साली झाली. त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड अवघे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी, शेतकरी गायकवाड घराण्यात जन्मलेला गोपाळ हा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. राज्याचा पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आला तो १८८१च्या अखेरीस. तोपर्यंत दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत होते. या काळात नदीच्या दोन्ही तीरांवर सुमारे ११३ एकरांत फुललेली ही बाग पुढे सयाजीरावांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. राजवाड्याभोवतीचे उपवन राजकुटुंबापुरते असते. ही बाग मात्र प्रजेसाठी होती आणि आजही ती सर्वांची आहे.

प्रवेशद्वाराजवळच्या चौकात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. त्यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे हे स्मारक असून ‘काळा घोडा’ याच नावाने तो सर्वतोमुखी आहे. आत शिरताच जुन्या वृक्षांची गर्द सावली, हिरवळीचे विस्तीर्ण पट्टे आणि मधोमध पांढरा बँडस्टँड दिसतो. फुलझाडांच्या ताटव्यावर काटे फिरणारे पुष्पघड्याळ हे मुलांचे पहिले आकर्षण. त्याची यंत्रणा जमिनीखाली दडवलेली असल्याने काटे जणू फुलांच्या बळावरच फिरतात असे वाटते. तारांगण आहे, मुलांची छोटी आगगाडी आहे. प्राणिसंग्रहालयही बागेइतकेच जुने आहे. पिंजऱ्यापुढे उभे राहिल्यावर अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाच्या मनात प्रश्न उठणारच. तो दडपू नये. पुलावरून वाकून पाहिले तर विश्वामित्रीच्या पात्रात कधीकधी मगरी उन्हात पहुडलेल्या दिसतात. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मुक्तपणे जगणाऱ्या या मगरी पाहिल्या की पिंजऱ्यापाशी उठलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलाला आपोआप मिळते.

बागेचे खरे वैभव मात्र वस्तुसंग्रहालयात आहे. मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदांच्या कल्पनेतून साकारलेली ही इमारत १८९४ साली पूर्ण झाली. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ साली तयार झाली होती. परंतु युरोपातून यावयाची चित्रे महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालन खुले होण्यास १९२१ साल उजाडले. लंडनमधील संग्रहालये पाहिलेल्या महाराजांची इच्छा अशी होती, की परदेश पाहणे ज्याला कधी शक्य होणार नाही अशा प्रजाजनाला जग येथेच पाहता यावे. म्हणून येथे मिसर देशाची ममी आहे, युरोपीय चित्रकारांची तैलचित्रे आहेत, मोगल काळातील लघुचित्रे आहेत आणि १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडाही आहे. बहुतेक कुटुंबे ममी आणि देवमासा पाहून समाधानाने बाहेर पडतात. जैन कुटुंबाने मात्र एवढ्यावर परतू नये.

शहराच्या पश्चिम अंगास, विश्वामित्रीच्या पलीकडे अकोटा नावाची वस्ती आहे. प्राचीन काळी हेच ‘अंकोट्टक’ नगर. १९५०च्या आसपास येथील मातीतून जैन धातुप्रतिमांचा मोठा साठा उजेडात आला. सहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतच्या मिळून ६८ प्रतिमा व अन्य वस्तू, असा हा ठेवा आहे. बडोद्याचेच विद्वान डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ‘अकोटा ब्राँझ’ हे नाव जगभरच्या कला-इतिहासात रूढ झाले. हा ठेवा सयाजीबागेतील संग्रहालयाने जपला आहे.

यांतील ऋषभनाथांची उभी प्रतिमा पाहताना पावले आपोआप थबकतात. खांद्यांवर रुळणाऱ्या जटांवरून प्रथम तीर्थंकरांची ओळख पटते. नेत्रांत चांदी बसवलेली आहे. मुद्रेवरील शांती गुप्तकालीन शिल्पांची आठवण करून देते. सोलापूरच्या दिगंबर श्रावकाला एक गोष्ट लगेच जाणवेल, ती म्हणजे कटीचे वस्त्र. ज्ञात असलेल्या तीर्थंकर प्रतिमांत वस्त्र दाखवलेली ही सर्वांत जुन्यांपैकी एक मानली जाते; मथुरेच्या कुशाणकालीन प्रतिमांवर असे वस्त्र नाही. आपल्या दोन आम्नायांची वाट मूर्तिकलेत कोठे वेगळी झाली, याचा हा धातूत उमटलेला पुरावा आहे. तो वादासाठी वापरावयाचा नसून समजून घ्यावयाचा आहे. वस्त्र असो वा नसो, कायोत्सर्गातील देहाची निश्चलता आणि दृष्टीतील वीतरागता दोहोंकडे एकच आहे.

जवळच जीवंतस्वामींची प्रतिमा आहे. दीक्षेपूर्वीचे, राजपुत्राच्या वेषातील वर्धमान: मस्तकी मुकुट, अंगावर अलंकार आणि तरीही कायोत्सर्गात उभे. जगाच्या दृष्टीने ते अजून राजवाड्यात आहेत, अंतरंगाने मात्र केव्हाच बाहेर पडले आहेत. या प्रतिमेच्या पादपीठावर एक लहानसा लेख आहे. ही प्रतिमा चंद्रकुलातील नागीश्वरी नावाच्या श्राविकेने अर्पण केली, असे तो सांगतो.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही श्राविका कोणाची कन्या, कोणाची पत्नी, हे लेखात नाही. ती श्राविका होती आणि तिने दान दिले, एवढेच आहे. अंकोट्टक नगर काळाच्या उदरात गेले, ज्या मंदिरात ही प्रतिमा पुजली गेली ते मंदिरही राहिले नाही. उरले ते चार शब्द. मध्ययुगातील कितीतरी राजस्त्रियांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, परंतु या श्राविकेचे नाव तिच्या दानाबरोबर टिकले. श्राविकाश्रमाच्या रूपाने स्त्रीशिक्षणाची परंपरा चालविणाऱ्या सोलापूरच्या वाचकांना या नावाचे मोल अधिक सांगावयास नको.

येथे मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘आजी, इथे हात जोडायचे का?’ प्रश्न लहान आहे, पण सोपा नाही. येथे प्रक्षाळ नाही, पूजा नाही, काचेपलीकडे फक्त क्रमांक आणि माहितीची पाटी. संग्रहालयातील प्रतिमा पूज्य की केवळ प्रेक्षणीय? आपल्या शास्त्रांनी नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. प्रतिमा हा स्थापना-निक्षेप. धातूच्या ठिकाणी जिनेंद्रांची स्थापना होते ती गुणांच्या स्मरणासाठी. विधिपूर्वक पूजेचे स्थान मंदिरच. परंतु गुणस्मरणाला स्थळाची अट नाही. म्हणून नातवंडांना सांगावे, की बाळांनो, मोठ्याने जयजयकार नको, इतर मंडळी पाहत आहेत; मनात णमोकार म्हणा आणि नीट पाहा. नीट पाहणे हीदेखील एक विनयाची रीत आहे.

या दालनातून बाहेर पडताना मनात एक हुरहूर राहते. अकोट्याचा ठेवा ज्ञात्या माणसांच्या हाती पडला म्हणून वाचला. विदर्भातील मूर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुप्रतिमाही नागपूरच्या संग्रहालयात पोहोचल्या म्हणून राहिल्या. पण भंगाराच्या भावात वितळून गेलेल्या प्रतिमांची गणती कोण करणार? आणि ही गोष्ट केवळ पूर्वीची नाही. मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की झिजलेल्या, खंडित झालेल्या लहान धातुप्रतिमा विसर्जित करण्याचा विचार पुढे येतो. त्यांच्या मागील बाजूस कोरलेला शके, संवत, गण-गच्छ, भट्टारकांचे आणि दात्याचे नाव कोणी वाचतही नाही.

त्या अक्षरांचे मोल सोलापूरने एकदा ओळखले होते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ साली येथीलच जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला. कारंजा, लातूर आदी भट्टारकपीठांचा इतिहास उभा करताना त्यात ठिकठिकाणच्या मूर्तिलेखांचा आधार घेतलेला आहे. प्रतिमेच्या पाठीवरील एका ओळीतून हरवलेली परंपरा कशी सापडते, हे त्यातून दिसते. आज प्रत्येक घरी भ्रमणध्वनी आहे. प्रत्येक गावच्या मंदिराने आपल्या सर्व प्रतिमांची पुढून आणि मागून छायाचित्रे काढून ठेवावीत, लेख उतरवून घ्यावेत, यादी करावी आणि विसर्जनाचा निर्णय घेण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. खर्च जवळजवळ नाही. लागते ती केवळ आस्था. कोणाच्या तरी गृहचैत्यालयातही एखादी नागीश्वरी वाट पाहत असेल.

सयाजीरावांनी जैन परंपरेसाठी आणखी एक मोलाचे काम केले. त्यांच्या प्रोत्साहनाने चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या जैन ग्रंथभांडारांची पाहणी केली. तेथील ताडपत्रांच्या आधारे राजशेखराचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली प्रकाशित झाला. अजैन कवीचा ग्रंथ जैन भांडाराने शतकानुशतके सांभाळला आणि एका मराठी राजाने तो जगापुढे आणला.

बाग पाहावयास जाणाऱ्यांनी क्रम उलटा ठेवावा: प्रथम संग्रहालय, मग बाग. सकाळी मन ताजे असते. आधी खेळ झाले तर मुले मूर्तींपुढे कंटाळतात. दुपारी झाडाखाली शिदोरी सोडावी, पुष्पघड्याळ पाहावे, आगगाडीत बसावे. उन्हे कलली की हिरवळीवरच अंथऊ उरकून घ्यावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी सारे आटोपते. आणि परतताना काळ्या घोड्यापाशी क्षणभर थांबून मुलांना सांगावे, की कवळाण्याच्या एका शेतकऱ्याचा मुलगा राजा झाला आणि जे पाहण्यासारखे होते ते त्याने सर्वांसाठी खुले केले. आपल्या मंदिरात जे आहे, ते जपून पुढच्यांच्या हाती देणे एवढे तर आपल्यालाही करता येईल.