ड्रमकॉलोहरची मेणबत्ती आणि आपले रंगमंच

नाटकाची तालीम महिनाभर चालते, वेशभूषेवर वाद होतात. पण दिवे कोठे टांगायचे, हे मात्र प्रयोगाच्या दुपारी ठरते. वाचक बंधुभगिनींनो, हौशी मंडळींची ही सवय सगळ्या जगात सारखीच आहे. म्हणून आज आयर्लंडमधील एक हकीकत सांगतो.

लिमरिक परगण्यात ड्रमकॉलोहर नावाचे लहानसे गाव आहे. रविवार, ५ सप्टेंबर १९२६ रोजी तेथे एका लाकडी इमारतीच्या माडीवर सिनेमाचा खेळ लावला होता. ते काही थिएटर नव्हते, खेळापुरती घेतलेली जागा होती. कॉर्क शहराहून आणलेल्या रिळी उघड्याच ठेवलेल्या, आणि शेजारी मेणबत्ती जळत होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. तिला जळण्यासाठी बाहेरची हवाही लागत नाही. त्यामुळे ती झाकून किंवा पाणी ओतून विझत नाही. ज्योत रिळांना लागली. आग बाहेर पडण्याच्या वाटेजवळच होती आणि मागच्या खिडक्यांना लोखंडी गज होते. ४८ माणसे मृत्युमुखी पडली.

कायदा नव्हता असे नाही. फिल्म धातूच्या पेटीत ठेवावी, यंत्र आगीपासून वेगळे राखावे, हे १९०९ च्या कायद्यानेच सांगितले होते. पण एका रात्रीच्या खेळाला कायदा कोण विचारतो? पुढे १४ फेब्रुवारी १९८१ रोजी डब्लिनच्या स्टारडस्ट नृत्यगृहातही ४८ जणच गेले. तेथे बाहेर पडायच्या काही दारांना कुलपे होती. ते मृत्यू बेकायदेशीर होते, असा निर्णय यायला २०२४ साल उजाडले.

आज आपल्या मंडपात मेणबत्ती नसते, हॅलोजन असतो. हजार वॅटच्या दिव्यातली बहुतेक वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून पडदा, कागदी फुले, थर्मोकोलचा देखावा त्याच्यापासून दूर हवा. किती दूर, ते बहुधा दिव्याच्या पत्र्यावरच छापलेले असते. वाचायला मात्र कोणी चढत नाही. प्रत्येक दिव्याला आकड्याखेरीज दुसरी पोलादी साखळी हवी, कारण आकडा सुटला तर खाली नटाचे डोके असते.

विजेचा हिशेब सहावीच्या मुलालाही जमेल. १३ अँपियरच्या एका सॉकेटवर सुमारे ३००० वॅट चालतात, म्हणजे असे तीनच दिवे. चौथा लावला तर फ्यूज जावा. पण कोणीतरी फ्यूजच्या जागी तार घातलेली असते. वायरची चकरी पूर्ण उलगडून घ्यावी. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. हे मला सर्वांत वाईट वाटते, कारण ते कोणाला दिसत नाही.

एलईडी दिवे कमी तापतात, पण भाड्याने मिळणारे जुने संच अजून हॅलोजनचेच असू शकतात. पडदा पडल्यावर ते लगेच उतरवू नयेत. पत्रा बराच वेळ गरम राहतो, आणि घाईने हात घालणारा बहुधा शाळेचाच एखादा मोठा मुलगा असतो.