ज्या मधुमेहात ताट कमी करायचे नसते

घरात कुणाला मधुमेह निघाला, की पहिला हुकूम ताटावर सुटतो. साखर बंद, भात कमी, तूप नको, वजन उतरवा. बहुतेक घरांत हा सल्ला बरोबरच असतो. पण सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारामागून येणाऱ्या मधुमेहात हाच सल्ला पाळला, तर आधीच हाडकुळे असलेले मूल आणखी खंगते.

आज हा आजार फुफ्फुसांचा म्हणून ओळखला जातो. नाव मात्र स्वादुपिंडावरून पडले. 1938 साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात पाहिले, की स्वादुपिंडात जागोजागी पुटी झाल्या आहेत आणि भोवतालचा भाग तंतूंनी निबर झाला आहे. पुटी म्हणजे सिस्ट, निबर होणे म्हणजे फायब्रोसिस. दोष कुठे आहे ते 1989 मध्ये कळले : सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात. पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा त्यावर अवलंबून असते. ती बिघडली की शरीरातले स्राव पातळ न राहता चिकट होतात.

स्वादुपिंड दोन कामे करते. पाचक रस नळ्यांतून आतड्यात सोडते आणि इन्सुलिन थेट रक्तात. चिकट स्रावाने नळ्या तुंबतात, अनेकदा बाळ पोटात असतानाच. अडकलेला रस ग्रंथीलाच खराब करतो आणि त्या जागी तंतू व चरबी साचते. अन्नातील स्निग्धांश पचत नाही. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होते. मूल भरपूर खाते, तरी अंगी लागत नाही. घरचे म्हणतात, नजर लागली. खरी गरज असते जेवणासोबत पाचक कॅप्सूल देण्याची.

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटेही याच ग्रंथीत असतात. वर्षे जातात तशी तीही कमी होत जातात आणि उरलेली जेवणानंतर वेळेवर इन्सुलिन सोडत नाहीत. त्यातच छातीचा संसर्ग झाला किंवा स्टिरॉइड द्यावे लागले, तर साखर आणखी चढते. म्हणून हा मधुमेह ना लहान मुलांच्या नेहमीच्या प्रकारात बसतो, ना मोठ्यांच्या. या रुग्णांत किशोरवयात साधारण पाचातल्या एकाला आणि प्रौढपणी जवळजवळ निम्म्यांना तो गाठतो.

तो गुपचूप येतो. तहान, वारंवार लघवी ही लक्षणे असतीलच असे नाही. वजन थांबते, उंची खुंटते, श्वासाची ताकद घटते. कारण इन्सुलिन नसेल तर स्नायू झिजतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी इथे अनेकदा फसवते. म्हणून दहाव्या वर्षापासून दरवर्षी उपाशीपोटी रक्त घेऊन, ग्लुकोजचे पाणी पाजून, दोन तासांनी पुन्हा रक्त तपासतात.

उपचार इन्सुलिनचाच. खाणे तोडायचे नाही. उलट तूप, अंडी, मटण, सुकामेवा भरपूर हवा. घामावाटे मीठ जाते, म्हणून मीठही अधिक. आवरायची ती गोड सरबते आणि बाटलीतली पेये. रोजाचा प्रश्न येतोच. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे, आणि मीठ-पाणी गमावणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या या मुलांना ती खरोखर लागू पडते. हट्टाने रोजा धरू देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता असते. चुलत-मावस-मामे नात्यांत लग्ने होतात, तिथे दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. यात सुनेला बोल लावण्यासारखे काही नाही. दोष दोन्हीकडून येतो. आपल्याकडे हा गोऱ्यांचा आजार समजला गेल्याने मुलाच्या खोकल्याला टीबी म्हणून औषध चालू राहते. मुका घेताना बाळाचे कपाळ खारट लागते असे आई म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. घामातील क्षार मोजण्याची साधी, न दुखणारी चाचणी असते.

आणि ईदच्या सकाळी अशा मुलाच्या हातून शीरखुर्म्याची वाटी काढून घेऊ नका. डॉक्टरांनी बेतून दिलेला इन्सुलिनचा डोस आधी, कॅप्सूल सोबत, मग वाटी.