मोडीत न गेलेल्या वस्तू

घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, असा प्रश्न चार माणसांत टाकून पाहावा. कोणी पणजीची नथ सांगतं, कोणी माळ्यावरचं घंगाळ, कोणी लाल फडक्यात बांधलेली पोथी. पुढचा प्रश्न वयाचा. त्यावर ठरलेलं उत्तर येतं : 'दीडशे-दोनशे वर्षं तर सहज.' मग हिशेबाला बसलं की आकडा उतरू लागतो. आजोबा १९२५ चे, पणजीचं लग्न १९१५ च्या आसपासचं, नथ तिच्या लग्नातली. म्हणजे झाली शंभराच्या थोडी वर. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर पणज्यापर्यंत पोचतानाच शतक संपतं. त्यापलीकडचं घरात काही असणं ही खरोखरच मोठी गोष्ट आहे.

ती मोठी का, हे कळायला आपल्या घरांतून काय गेलं ते आधी पाहावं लागतं. मराठी घराला वस्तू टाकून देण्याची सवय कधीच नव्हती. मोडीत घालून नवं घेण्याची मात्र होती. त्यामुळे आपल्याकडे एक उलटा न्याय दिसतो. ज्याला मोडीचा भाव होता ते आधी गेलं आणि ज्याला बाजारात कोणी विचारत नव्हतं ते राहिलं.

सोनं आणि जर

सोन्यापासूनच सुरुवात करू. पिढीजात म्हणून सांगितलं जाणारं सोनं असतं पिढीजात, दागिना नसतो. पाटल्या मोडून बांगड्या झाल्या, गोठ मोडून मुलीचं मंगळसूत्र झालं, पुतळ्यांची माळ दोन सुनांत वाटली गेली. सोनार जुना डाग वजनावर घेणार, त्यात घट धरणार, नव्याची मजुरी लावणार. या हिशेबात जुन्या घडणावळीला किंमत शून्य. पुतळ्यांचं नुकसान तर दुहेरी. या माळेच्या पुतळ्या मूळच्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आलेल्या. नाण्यावरच्या मानवी आकृत्या सोनारांनी पुढे आपल्या परीनं उठवल्या. आटलेल्या माळेबरोबर हा व्यापाराचा इतिहासही मुशीत गेला.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि असंख्य सोनार बेकार झाले. हे निर्बंध पुढे सैल होत गेले, तरी त्यांचा कायदा १९९० पर्यंत टिकला. त्या पिढीतल्या बायका 'चौदा कॅरटच्या आधीचा दागिना' अशी खूण सांगतात. घरातल्या सोन्याचं वय ठरवायला इतकी पक्की रेघ दुसरी नाही.

टिकली ती नथ. मोती आटवता येत नाही. बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे मोती इराणच्या आखातातले. जपानी पिकवलेल्या मोत्यांनी १९३० च्या सुमारास तो धंदा बसवला. म्हणून जुन्या नथीतले मोती पिवळसर पडले, तार दोनदा बदलली, तरी नथ नथच राहिली. रोजच्या वापराचा दागिना नसल्यानंही ती वाचली.

पैठणीचं नशीब सोन्यासारखंच. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. रेशीम विरलं की लुगड्याचे काठ-पदर जाळून चांदी काढायची, ही सर्रास रीत होती. जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरत. जिचे काठ भारी, ती पैठणी आधी भट्टीत गेली. अंगावरचं साधं सुती लुगडं मात्र गोधडीत गेलं, आणि गोधडी फाटल्यावर ती नव्या गोधडीचं अस्तर झाली. एखाद्या जाड गोधडीची उसवण केली तर आत आणखी एक गोधडी निघते, ती अशी.

भांड्यांवरची नावं

तांब्या-पितळेला मोडीचा भाव होता, तरीही ती बऱ्यापैकी उरली. स्टेनलेस स्टील साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर शिरलं. कल्हईची कटकट नको, चिंचेनं घासणं नको. हंडे, कळशा, पराती, बंब, सतेली वजनावर गेली आणि त्या पैशांत चकचकीत डबे आले. रस्त्याच्या कडेला भाता लावून नवसागराचा धूर काढणारा कल्हईवाला दिसेनासा झाला, तसं घरात उरलेलं पितळही वापरातून गेलं. जे माळ्यावर पोचलं ते वाचलं. विकायला काढलं तेव्हा एखाद्या आजीनं 'हे नाही द्यायचं' म्हटलं, ते वाचलं. असं म्हणण्याचं कारण पुष्कळदा भांड्यावर कोरलेलं असे.

भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत मुळात व्यवहाराची. कार्य निघालं की घरोघरची भांडी पंगतीसाठी मागून आणायची. परत देताना कोणाचं कुठलं हे कळायला हवं. त्यासाठी कासार किंवा तांबट छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उठवी. पुढे विजेच्या लेखणीनं नाव घालून देणारे आले. या अक्षरांत घराण्याची नोंदवही दडलेली असते. गावाचं नाव असतं, जिथे आता घरातलं कोणी राहत नाही. 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ' असतं, ते घर पाडून इमारत झालेली असते. 'यांजकडून सप्रेम भेट' मध्ये सुनेच्या माहेरचं आडनाव असतं. लग्नात तिचं नाव बदललं, सासरच्या कागदपत्रांत माहेराचा उल्लेख उरला नाही. तो राहिला कळशीच्या काठावर.

कधी शकही असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो; जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. नाव नसेल तर भांड्याची घडण बोलते. जुन्या हंड्याच्या अंगावर दातेरी सांधा दिसतो : पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत गुंतवून डाग दिलेला. यंत्रावर ओढलेल्या भांड्याला तो नसतो. मठारकामाचे ठोके बोटांना लागतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते ठोके आजही ऐकू येतात. फक्त आता तिथली भांडी शोभेसाठी आणि भेट देण्यासाठी जास्त विकली जातात.

देव आणि दगड

देवघरातल्या वस्तू टिकल्या, कारण त्या विकायच्या नसतात. खंडोबा, भवानी, वीरभद्र यांचे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक रोजच्या स्नानानं आणि घासण्यानं इतके झिजतात की देव ओळखू येत नाही. तेव्हा ते सोनाराकडून नव्यानं करून घेतले जातात, म्हणजे इथेही जुनी चांदी आणि नवा चेहरा. वाटणीत देव थोरल्या घरी राहतात, धाकटे आपापले टाक नवे करून घेतात. म्हणून कुळाचा सगळ्यात जुना टाक शोधायचा तर थोरल्या पातीच्या घरी जावं. खंडेनवमीला पूजेत येणारी तलवारही अशीच पूजेच्या आश्रयानं राहिली. तिचं पातं कित्येकदा युरोपातलं आणि मूठ इथली असते. तिला फिरंग म्हणतात.

दगडाला तर कोणी भावच देत नाही. जातं, पाटा, वरवंटा, उखळ यांना घेणारा नव्हता, चोरणारा नव्हता. पिठाची गिरणी आली, मग मिक्सर आला; जातं परसात तुळशीजवळ जाऊन पडलं. तरी लग्नघरात हळद दळायला आजही ते लागतं, त्याच्या खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधलं जातं. खेड्यातल्या बहुसंख्य घरांत, विशेषतः ज्या घरात सोनं-तांबं कधी साठलंच नाही तिथे, सगळ्यात जुनी वस्तू जातंच असतं. आढावे वाडेवाल्यांच्या वस्तूंचेच निघतात, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. जात्यावर बसून बायकांनी रचलेल्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा करवल्या. जातं सुटलं तरी गाणं राहिलं, ते या कामामुळे.

कागद

कागदाचा न्याय धातूच्या नेमका उलटा. सनदा, वतनपत्रं, इनामाचे कागद जमिनीच्या हक्काचा पुरावा होते, तोवर ते जिवापाड जपले गेले. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले तेव्हा कागद दाखवता न येणाऱ्यांची इनामं गेली; त्या धसक्यानं उरलेले दप्तराचे रुमाल आणखी घट्ट बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर इनामं आणि वतनं रद्द झाली आणि त्याच रुमालांचं मोल एकदम संपलं. मोडी लिपी वाचणारी पिढीही तेव्हाच मावळत होती. न वाचता येणारा, हक्क न देणारा कागद रद्दीत गेला किंवा वाळवीनं नेला.

वि. का. राजवाड्यांनी हा धोका फार आधी ओळखला होता. गावोगावची घराण्यांची दप्तरं धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडानं छापली. पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते याच कामासाठी. घरातले मोडी कागद अशा संस्थेत दाखवता येतात, वाचून घेता येतात. पोथ्यांना मात्र देवघराचा आधार मिळाला. हातानं लिहिलेल्या पोथीच्या शेवटी लेखकाचं नाव, गाव आणि शक असण्याची पद्धत होती. घरातली पोथी उघडाल तेव्हा शेवटचं पान आधी पाहावं.

यंत्रांची साक्ष

वय नेमकं सांगणाऱ्या वस्तू म्हणजे कारखान्यातल्या. शिंप्याच्या किंवा आजीच्या सिंगर शिवणयंत्राच्या पाट्यावर कोरलेला क्रमांक असतो. त्यातली अक्षरं आणि आकडे कंपनीच्या नोंदींशी जुळवले की कारखाना आणि साल दोन्ही कळतं. आपल्याकडची बरीचशी यंत्रं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, त्याची यंत्रं अजून पिको-फॉल करतायत.

रेडिओचं वय त्याच्या परवान्यात सापडतं. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात दरवर्षी फी भरून परवाना घ्यावा लागे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत संपली. तिकिटं चिकटवलेलं ते छोटं पुस्तक मिळालं तर रेडिओ कोणत्या वर्षी आला, कोणाच्या नावावर होता, सारं कळतं. मनगटी घड्याळांत एचएमटी. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरुवात झाली, २०१६ मध्ये सरकारनं गाशा गुंडाळला. सासऱ्यांनी जावयाला दिलेलं 'जनता' रोज चावी दिली तर आजही चालतं, आणि मुळात स्वस्त असल्यानं ते कोणी विकलंही नाही.

खोटं जुनं

जुन्याची हौस वाढली तसं खोटं जुनंही आलं. देव्हाऱ्यात ठेवलेलं, एका बाजूला राम पंचायतन आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व १८१८ साल असलेलं तांब्याचं 'नाणं' बहुतेकांनी पाहिलं असेल. ते चलनी नाणं नव्हेच. भाविकांसाठी पाडलेली ती मुद्रा आहे आणि तिच्यापायी माणसं लाखोंच्या आशेला लागून फसली आहेत. खरा चांदीचा रुपया साधा असतो : ११.६६ ग्रॅम वजनाचा, १८७६ पर्यंत राणी आणि १८७७ पासून सम्राज्ञी म्हणवणाऱ्या व्हिक्टोरियाचा. १८६२ सालचा छाप तर पुढे बारा वर्षं तसाच पाडला जात होता, त्यामुळे रुपयावरचं ते सालही वय सांगायला अपुरं आहे. पुण्याचा जुना बाजार काय किंवा मुंबईचा चोरबाजार काय, चिंच-मिठानं हिरवं चढवलेलं पितळ तिथे 'पेशवाई' होऊन बसतं.

कोणी जपायचं?

दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अशा वस्तू गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना त्यात वेड दिसलं. त्यांनी घरांत पडलेल्या साध्या वस्तू घेतल्या : अडकित्ते, दिवे, फण्या, वज्री, करंडे, दौती. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभारला आणि पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी 'गोवा चित्र' मध्ये नांगर, घाणे, मापं अशी शेतकऱ्या-कारागिरांची अवजारं जमवली आहेत. दोघांनी उचललं ते बाजारानं नाकारलेलंच.

कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपलीकडचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेषांत मोडतं. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या पेटीत पणजीची जुनी पितळी मूर्ती घालण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा, नाहीतर विमानतळावर खोळंबा ठरलेला.

संग्रहालयं सगळं घेऊ शकत नाहीत आणि घ्यायची गरजही नाही. घरातल्या वस्तूचं मोल तिच्या धन्याच्या माहितीत आहे. कोणाची कळशी हे ठाऊक नसलेली कळशी म्हणजे अडीच किलो पितळ. आणि पितळाचं काय होतं ते वर सांगितलंच. तेव्हा या दिवाळीत एवढं करा. एक वही घ्या. वस्तू कोणती, कोणाची, कुठून आली, हे सांगितलं कोणी आणि कोणत्या तारखेला, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक वस्तूपुढे लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, दीडशे वर्षं लावू नका. भांड्यावरच्या अक्षरांचा फोटो काढा, वस्तूवर मात्र चिकटपट्टी लावू नका. आणि वहीची एक प्रत भावंडांना पाठवा. घरातले वाद मिटतील असं नाही, पण कोणती वस्तू मोडीत घालायची नाही हे तरी सगळ्यांना कळेल.